नोटांचा मुक्काम

आमच्या मामांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट वाजवून पाहिल्याशिवाय घेतली नाही. माठ, टरबूज, पितळेचं पातेलं हे आपण सगळेच वाजवतो. मामा दाराची फळी वाजवत, शेतात आणलेल्या पाइपांना कान लावत, औषधाच्या गोळ्यांची पट्टीसुद्धा कानाशी नेऊन हलवत. माझ्या थोरल्या बहिणीला पाहायला एक स्थळ आलं, तेव्हा पोहे यायच्या आत त्यांनी मुलाला विचारलं, "पाहुणे, पन्नासाचे सुट्टे हायत का तुमच्याकडं?" मुलानं पाकीट काढून सगळ्यांसमोर सतरंजीवर रिकामं केलं. मामा आत येऊन आईला म्हणाले, "द्या पोरगी. कलदार हाय." त्याच्या आधीच्या मुलानं भिंतीकडे तोंड करून पाकीट उघडलं होतं, त्याची बोळवण चहावरच झाली. बहीण आजही सुखात आहे, त्यामुळे या परीक्षेला नावं ठेवायची सोय आम्हाला उरली नाही.

कलदार हा त्यांचा लाडका शब्द, म्हणून आम्हा भाचरांत ते कलदारमामा. मराठवाड्याबाहेरच्या माणसाला हे नाव एखाद्या पैसेवाल्याचं वाटतं. तसं काही नव्हतं. निजामाच्या राज्यात दोन रुपये चालत. निजामाचा तो हाली आणि इंग्रजांच्या मुलखातला तो कलदार. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तरी दोन्ही रुपये काही वर्षं बाजारात शेजारी शेजारी नांदले. मग मुदत देऊन हाली बंद झाला. मामांच्या लेखी जगातल्या सगळ्या वस्तू, माणसं आणि वचनं या दोनच खात्यांत मोडत. वेळेवर आलेलं नळाचं पाणी कलदार, पुढाऱ्याचं भाषण हाली. मामींची भाकरी कलदार, माझं बी. कॉम. हाली. का, तर "पदवी हाय, पर चलती नाय."

यामागे एक जुनं दुखणं होतं. मामांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, कापूस विकून आलेल्या हाली नोटा पितळी डब्यात ठेवल्या होत्या. मुदत जाहीर झाली तेव्हा गावातल्या एका शहाण्यानं सांगितलं, मुदत वाढणार आहे, घाई कशाला करता? मुदत काही वाढली नाही. आजोबा डबा घेऊन कचेरीत गेले, सोबत तरणेताठे मामा. खिडकीतल्या माणसानं नोट उजेडात धरली आणि म्हणाला, नोट खरी आहे, पण आता चालत नाही. "खोटी म्हणला असता तर बाप भांडला असता," मामा सांगायचे. "खरी असून चालत नाय म्हणल्यावर माणसानं भांडायचं तरी कुणाशी?" आजोबा गेले तेव्हा तो डबा त्यांच्या उशाशी होता.

तेव्हापासून मामांना नोटांचा नाद लागला. जुन्या मोंढ्यात त्यांचं आडतीचं दुकान होतं. नोटा ओळखण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या शहरात कोणी नाही, असं सगळे म्हणत. सगळ्यांत जास्त वेळा ते स्वतः म्हणत. शेजारच्या दुकानातले रशीदभाई त्यांचे जिवाचे दोस्त. रशीदभाईंची मुलं आखातात गेली, नातलग हजला जाऊ लागले, तसे परदेशी नोटा घेऊन लोक गारखेड्याला मामांच्या घरी येऊ लागले. रशीदभाई ओसरीवरूनच हाक मारत, "अरे भाई, मेहमान लाया हूँ!" मेहमान म्हणजे माणूस नव्हे, नोट.

कारण नोटेला मामांकडे मुक्काम करावा लागे. समुद्र ओलांडणारी नोट आधी एक रात्र मामांच्या अंगावर राहील, असा त्यांचा रिवाज होता. त्यांच्या बंडीला आतून एक खिसा होता, त्यात ती नोट जायची. घामानं रंग सुटतो का, घडीवर कागद फुटतो का, ते सकाळी कळायचं. मग गच्चीवर उन्हात धरून आतला धागा बघायचा, चित्रातल्या माणसाच्या कॉलरवरून अंगठ्याचं नख फिरवायचं, आणि शेवटी दोन्ही हातांनी ताणून कानाशी कडकन वाजवायची. या सगळ्याचे ते एक पैसा घेत नसत. फक्त नोटेच्या मालकानं रात्रभर तिची चौकशी करायची नाही, एवढीच अट होती. लोक ती पाळत. मामांच्या बंडीत नोट म्हणजे लॉकरमध्ये, असा सगळ्यांचा भरवसा होता.

मामांचं सगळंच बरोबर असे असं मात्र नाही. चांगल्या नोटाही त्यांनी परत पाठवल्याचं मला माहीत आहे. पण एका प्रकरणानं त्यांचा भाव फार वाढला. एक प्राध्यापक विलायतेला निघाले होते. त्यांच्या पौंडाच्या दोन नोटांवर राणीचं चित्र वेगवेगळं होतं, एकीवर तरुण, दुसरीवर पोक्त. मामा म्हणाले, "बाई एकच हाय ना? मंग तरुण बाईची मुदत सरली. ही हाली झाली." प्राध्यापक हसले आणि तशीच नोट घेऊन गेले. तिकडे दुकानदारानं ती घेतली नाही, जुनी आहे, बंद झाली म्हणाला. प्राध्यापकांनी परत आल्यावर पेढे आणून दिले. त्या दिवसापासून मामांच्या मनात एक नियम पक्का बसला. नोटेवर नवा चेहरा आला की जुना चेहरा मेला. हा नियम त्यांना साऱ्या जगाचा वाटत होता.

मग माझी पाळी आली.

माझे यजमान मस्कतला बांधकामावर सुपरवायझर होते. मी लहान मुलीला घेऊन पुंडलिकनगरात भाड्यानं राहत होते. एका सकाळी शेजाऱ्यांकडे फोन आला. हे परांचीवरून पडले होते. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. यांचा तिथला मित्र फोनवर म्हणाला, "वहिनी, सळई घालायचं ऑपरेशन लगेच व्हायला पाहिजे. उशीर झाला तर पाय काढावा लागेल असं म्हणतायत. कंपनी पैसे नंतर देणार आहे, पण हॉस्पिटलला आधी पाहिजेत." कंपनीनं माझा व्हिसा आणि तिकीट पाठवलं. पैशांचं मात्र माझं मलाच बघायचं होतं.

बँकेतून जेवढे डॉलर मिळाले तेवढे घेतले. ते पुरणार नव्हते. पासपोर्ट मी कधीकाळी हौसेनं काढून ठेवला होता, तो असा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. मुलीला आईकडे सोडलं आणि डोक्याला हात लावून बसले, तोच दौलताबादहून माझे दीर आले.

प्रकाश भावजी दौलताबादच्या किल्ल्यावर गाइड होते. घरची थोडी शेती होती, पण त्यांचं मन किल्ल्यावर. प्रत्येक गोऱ्या माणसाला ते वेगळा इतिहास सांगतात अशी त्यांची ख्याती होती, आणि ती खरी होती. एकाच खंदकात त्यांनी कधी मगरी सोडल्या, कधी साप, कधी दोन्ही. मामा त्यांना तोंडावर प्रकाशराव म्हणत आणि मागे "अर्धा हाली." भावजींनी माझ्यासमोर एक रुमाल सोडला. आत डॉलरच्या नोटा होत्या, बहुतेक विसाच्या, एक शंभराची. वर्षानुवर्षांची बक्षिसी.

"पाय मुरगळलेल्या एका म्हातारीला भुयारातून पाठीवर आणलं होतं, तिची ही शंभराची," ते म्हणाले. "मोडल्या नाहीत वहिनी. एकदा आपण पण विमानात बसावं म्हणून ठेवल्या होत्या. पण आता तुम्ही बसा."

बँकेतल्या नोटा आणि हा रुमाल घेऊन आम्ही दोघं तसेच गारखेड्याला निघालो. आमच्या घरातली नोट मामांच्या हाताखालून गेल्याशिवाय समुद्र ओलांडणार नव्हती, त्याबद्दल चर्चाच नव्हती.

मामा ओसरीवर बसले. आधी बँकेच्या नोटा. त्यांवरचा चेहरा मोठा होता, जवळजवळ अर्धी नोट भरणारा. नख, कान, ऊन, सगळं झालं. "कलदार," म्हणाले. "बँकेच्या हायत, ह्यांना मुक्काम नको." मग त्यांनी भावजींचा रुमाल उघडला आणि त्यांचा हात थांबला. या नोटांवर तोच माणूस होता, पण चेहरा लहान, मधोमध, गोल चौकटीत. मामांनी एक नोट उचलली, दुसरी उचलली, पुन्हा पहिली घेतली. कान नाही, नख नाही. नुसते बघत राहिले.

"ह्या राहू दे," ते म्हणाले.

"राहू दे म्हंजी?" भावजींनी विचारलं.

"नवा चेहरा आलाय. हे बगा, ही बँकेची. म्हंजी जुन्या बंद झाल्या."

"मामा, मी काल-परवापर्यंत घेतल्यात ह्या नोटा. गोरी माणसं देतात."

"त्यांना काय, त्यांनी तुमच्या गळ्यात मारल्या."

भावजी ताडकन उठले. "सरळ सांगा ना, मी वहिनीला खोट्या नोटा द्यायलोय म्हणून! सगळा गाव म्हणतो, तुम्ही बी म्हणा!"

"खोट्या म्हणलो नाय मी. बंद म्हणलो."

"एकच झालं!"

"एक नाय, प्रकाशराव," मामा अगदी हळू आवाजात म्हणाले. "लई फरक हाय."

पण तो फरक त्या क्षणी कोणाला ऐकू येणार? भावजींचा चेहरा काळा ठिक्कर पडला होता. ज्या माणसाला जन्मभर सगळ्यांनी थापाड्या म्हटलं, त्यानं एकदाच काहीतरी निखळ दिलं होतं, आणि तेही परत ढकललं जात होतं. माझं डोकं फिरलं. तशी मी मामांना घाबरायची, पण त्या दिवशी ओरडले. "मी नेणार या नोटा! तिकडे माझ्या नवऱ्याचा पाय जायची वेळ आलीय आणि तुम्ही चेहरे मोजत बसलात. बँकेच्या नोटांनी ऑपरेशन होणार नाही. बंद तर बंद, मी नेणार!"

मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. मामांनी मान खाली घातली होती. मग म्हणाले, "पकडली म्हंजी तिथं जेलात टाकतील पोरी. परका मुलूख हाय. तो तिथं पडलेला, तू जेलात. काय करशील?"

"टाकू देत."

शेवटी मामांनी रुमालाची गाठ पुन्हा मारली. "बरं. ने. पर रिवाज मोडायचा नाय. आज मुक्काम माझ्याकडं. उद्या बसवर आणून देतो." आणि रुमाल बंडीच्या खिशात गेला. भावजी चहा न घेता निघून गेले. जाताना त्यांनी मामांना नमस्कारही केला नाही, आणि मला तेव्हा तेच बरोबर वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुंबईच्या गाडीला निघाले. बसस्थानकावर मामा रिक्षानं आले. त्यांच्या हातात मामींनी शिवलेली खणाच्या कापडाची पिशवी होती, चारी बाजूंनी टाके घालून बंद केलेली. बँकेच्या नोटा माझ्या पर्समध्ये होत्या, ही पिशवी पोटाशी बांधायची होती.

"टाके तिथं गेल्यावर उसव," ते म्हणाले. "मधी उघडून बघायचं नाय."

"बंद नोटा आहेत, त्यात काय बघायचंय?" मी अजून रागातच होते.

"आता नेतीयस तर कलदार समजून ने. भ्यालेल्या माणसाच्या हातातली खरी नोट बी खोटी दिसती." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कुणी विचारलं तर सांग, माझ्या मामानं तपासल्यात."

मी गाडीत जाऊन बसले. गाडी सुटली. ते खांबाशी उभे होते, हात वर न करता, नुसते गाडीकडे बघत.

त्या प्रवासात मी काय खाल्लं, कोणाशी बोलले, मला आठवत नाही. आठवते ती पोटाशी टोचणारी पिशवी. विमानतळावर गणवेशातला प्रत्येक माणूस माझ्याकडेच बघतोय असं वाटे. एका अधिकाऱ्यानं कुठे चाललात विचारलं, तर मी "मामांनी तपासल्यात" असं म्हणाले. तो गोंधळून बघत राहिला. शेजारच्या बाईनं "नवऱ्याकडे चालल्यात" असं सांगून मला पुढे ढकललं. विमानात बसल्यावर मात्र राग उतरला आणि भीती उरली. मामा आयुष्यभर नोटा बघत होते. ते बंद म्हणाले होते. मी कोण अशी मोठी लागून गेले, की मला वाटावं त्यांचं चुकलंय? तिथे त्या नोटा घेतल्या नाहीत तर माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

हे हॉस्पिटलमध्ये पडलेले होते. पाय लाकडी पट्ट्यांत, चेहरा ओळखू येत नव्हता. मला बघून रडले. मी त्यांचा हात धरला, पण जास्त थांबले नाही. यांच्या मित्रानं मला नोटा बदलून देणाऱ्या एका दुकानात नेलं आणि तो बाहेर टॅक्सी धरून उभा राहिला.

रांगेत माझ्या पुढे एक मजूर होता. त्यानं खिडकीतून नोटा आत सरकवल्या आणि मी मान उंचावून पाहिलं. लहान चेहरा. मधोमध. गोल चौकट. तीच नोट. खिडकीतल्या माणसानं ती दिव्याखाली धरली, उलटी केली. मी श्वास रोखून बघत होते. त्यानं खण उघडला आणि मजुराला पैसे मोजून दिले.

मजूर गेला. मी खिडकीशी जाऊन पहिल्यांदा काय केलं, तर विचारलं, "भैया, वो पुरानी नोट चलती है?"

तो केरळकडचा असावा. हसला. "अमेरिका का नोट बंद नहीं होता, मैडम. पुराना, नया, सब चलता."

मी देवाचं नाव घेतलं. मामा चुकले होते. भावजींच्या नोटा चांगल्या होत्या, पाय वाचणार होता. मी आडोशाला जाऊन पिशवी सोडून आणली आणि त्या खिडकीसमोरच दातांनी टाके तोडले.

आत एकही लहान चेहरा नव्हता. सगळ्या नोटा करकरीत, मोठ्या चेहऱ्याच्या. विसाच्या तितक्याच, शंभराची एक. भावजींच्या रुमालात होत्या तेवढ्याच, पण त्यांच्या नव्हत्या.

मला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा मी तिथेच रडायला लागले. माझ्या मामांनी एका रात्रीत, स्वतःच्या पैशांनी, मेलेल्या म्हणून ठरवलेल्या नोटा आपल्या बंडीत घेतल्या होत्या आणि जिवंत नोटा माझ्या पोटाशी बांधल्या होत्या. बापाच्या उशाशी तो डबा पाहिलेल्या माणसानं बंद चलन आपणहून अंगावर घेतलं होतं. का, तर मी जेलात जाऊ नये आणि प्रकाश भावजींची मान खाली जाऊ नये. खिडकीतला माणूस घाबरून म्हणाला, "मैडम, नोट अच्छा है! रोना नहीं!"

ऑपरेशन झालं. पाय वाचला. काही महिन्यांनी हे काठी टेकत घरी आले, आणि त्याच आठवड्यात मी एकटी गारखेड्याला गेले. मनात ठरवून गेले होते, की मामांना सगळं सांगायचं. जुन्या नोटाही चालतात, त्या बाहेर काढा, आपण मोडून आणू. तुमचे पैसे तुम्हाला परत मिळतील.

ओसरीच्या बाजूला नेहमी उभी असणारी मामांची स्कूटर नव्हती. आधी मी स्वयंपाकघरात गेले. मामींनी तवा उतरवला आणि हळूच म्हणाल्या, "रशीदभाईच्या पोरानं तिकडून आणलेल्या नोटा होत्या. त्यानं दिल्या. मामांनी स्कूटर दिली त्याला. घेत नव्हता बिचारा, जबरदस्ती दिली."

"आणि प्रकाश भावजींच्या?"

"बंबात घातल्या." मामींनी बाहेर एक नजर टाकली. "म्हणले, बंद नोट घरात ठेवू नये. उद्या कुणाच्या तरी मनात येतं, लोटावी कुणाच्या तरी गळ्यात. त्याच पाण्यानं अंघोळ केली त्यांनी."

अमेरिकेचे अस्सल डॉलर जाळून मामांनी अंघोळीचं पाणी तापवलं होतं. हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना. आता त्यांना सांगून काय मिळणार होतं? स्कूटर परत येणार नव्हती, आणि नोटांची तर राखसुद्धा उरली नव्हती.

मी बाहेर आले तर ओसरीवर प्रकाश भावजी. त्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच या घरात येत होते. भाऊ चालतोय हे बघून त्यांचं मन हललं असावं. हातात पेरूंची पिशवी होती, पण बसले नव्हते, उंबऱ्याशीच उभे होते. मामांकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "वहिनी, खरं सांगा. माझ्या नोटा चालल्या का?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, देव जाणे. त्या आधीच मामा म्हणाले, "चालल्या तर! सगळ्या चालल्या. शोभाचं पत्र आलं होतं मला." मी कसलंही पत्र पाठवलं नव्हतं. मामा खाटेवरून उठले आणि त्यांनी भावजींसमोर हात जोडले. "माझं चुकलं, प्रकाशराव. मी म्हातारा झालो, नजर गेली. तुमच्या नोटा कलदार होत्या."

आणि भावजींच्या खांद्यावरून त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं, की मी हूं की चूं केलं नाही. गप्प राहा, असं ते डोळे सांगत होते. त्यांना वाटत होतं, ते खोटं बोलत आहेत. जन्मात पहिल्यांदा त्यांनी हालीला कलदार म्हटलं होतं, एका दुखावलेल्या माणसासाठी. आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. हे त्या ओसरीवर फक्त मला माहीत होतं.

भावजी वाकून पाया पडले. मामांनी पाय चटकन मागे घेतले. मग दोघं खाटेवर शेजारी बसले आणि भावजी खंदकातल्या मगरींविषयी सांगू लागले. मामा माना डोलवत होते. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत पळाले.

पुढे भावजींचं गारखेड्याला येणं-जाणं फार वाढलं. मामांचे गुडघे गेले तेव्हा दवाखान्यात नेणं-आणणं त्यांनीच केलं. मामांनी नोटा बघणं मात्र सोडलं. रशीदभाई मेहमान घेऊन आले की म्हणत, "नजर गेली, भाई. प्रकाशरावांच्या वक्ती बघितलं ना, काय झालं?" एकदा बोललेलं खोटं ते असं निगुतीनं सांभाळत राहिले. त्यासाठी त्यांनी आपलं सगळ्यांत मोठं कसब सोडून दिलं, आणि मी बघत राहिले. मला फार वाईट वाटायचं, आणि त्यांचा फार अभिमानही वाटायचा.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी दुपारच्या वेळी जवळ बसले होते. धाप लागत होती, तरी बोलायचं होतं.

"शोभा, एक खोटं बोललो गं मी. जन्मात तेवढं एकच. तुला ठाव हाय."

"मामा, बोलू नका, दम लागतोय."

"प्रकाशरावांना सांगू नको. पर माझ्या मनाला लई लागून ऱ्हायलंय. खोटं ते खोटंच."

मला राहवलं नाही. इतकी वर्षं धरून ठेवलेलं सगळं मी एका दमात सांगून टाकलं. "मामा, ते खोटं नव्हतं. अमेरिकेच्या जुन्या नोटा बंद होतच नाहीत. मस्कतला माझ्यासमोर एका माणसाच्या घेतल्या. त्या खिडकीतल्या माणसानं सांगितलं मला. भावजींच्या नोटा खरंच चांगल्या होत्या. तुम्ही खरं तेच बोललात."

मामी उशाशी उभ्या होत्या, त्यांच्या हातातला पेला तसाच राहिला. मामा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, डोळे बारीक करून. मग त्यांच्या ओठांवर हळूहळू हसू आलं.

"माझ्यासाठी खोटं बोललीस व्हय गं?"

"नाही हो मामा, आईशप्पत, खरंच..."

"असू दे, असू दे." त्यांनी माझा हात थोपटला. "लई बरं वाटलं."